बोलावणाराचें ऋण

पोटासाठीं घर सोडणें ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाहीं; नवें आहे तें घर मागाहून बोलावून घेण्याचें शास्त्र. पूर्वीं परगांवीं गेलेल्या पुरुषाच्या हातीं चार पैसे जमले, कीं तो पत्र टाकी आणि पत्रापाठोपाठ गाडीभाडें पाठवी; बायकामुलें बोचकीं बांधून निघत. विचारावयाचें कोणाला, तर फार तर घरच्या वडीलधाऱ्यांना. आज समुद्रापलीकडे नोकरीस गेलेल्या माणसाला पत्नी व मुलें जवळ आणावयाचीं असलीं, तर त्याला एका परक्या राज्याला लेखी हमी द्यावी लागते. आपलें उत्पन्न किती, राहण्याची जागा केवढी, विवाह खरा कीं केवळ कागदोपत्रीं, मूल आपलेंच कशावरून, हें सर्व सिद्ध करावें लागतें. अशी हमी देणारा तो ‘स्पॉन्सर’, आणि जिच्यासाठीं हमी द्यावयाची ती ‘डिपेंडंट’. हे दोन शब्द आतां आमच्या खोपोलीच्या शिळफाट्यावरील बिऱ्हाडांतहि इतके रुळले आहेत, कीं परदेशीं असलेल्या मुलाची चौकशी करितांना प्रकृतीच्या आधीं ‘सूनबाईंचे कागद झाले का?’ असेंच विचारलें जातें.

या कागदांच्या आड एक नैतिक प्रश्न आहे, आणि कागदांच्या धांदलींत तो सहसा कोणी विचारीत नाहीं. आपल्या माणसाला परक्या देशांत बोलावून घेणें हें बोलावणाराचें कर्तृत्व आणि बोलावलेल्याचें भाग्य, अशी लोकांची समजूत आहे. ‘त्यानें बायकोला तिकडे नेलें’ असें म्हणतांना बोलणाराच्या आवाजांत कौतुक असतें, आणि जिला नेलें तिनें कृतज्ञ असावें अशी अपेक्षाहि असते. माझें मत याच्या उलट आहे. जो बोलावतो तो उपकारकर्ता होत नाहीं, ऋणको होतो. आणि तें ऋण कोणत्याहि सरकारी हमीपत्रानें फिटत नाहीं. हा विचार वाचकांपुढें थोडा विस्तारानें ठेवण्याचा हेतु आहे.

शिळफाटा हें बोरघाटाच्या पायथ्याचें ठिकाण; माणसांचें येणेंजाणें येथें जुनें आहे. १८५६ सालीं मुंबईहून निघालेली आगगाडी खोपोलीपर्यंत आली आणि घाटाशीं थबकली. वरचा लोहमार्ग १८६३ सालीं खुला होईपर्यंत उतारूंना मधला घाट पालखींतून, तट्टावरून नाहीं तर पायीं चढावा लागे. त्या घाटाच्या कामावर १८६१ च्या सुमारास चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. त्यांत पुरुष होते तशा स्त्रिया होत्या, मुलेंहि होतीं. त्यांना कोणीं हमी मागितली नाहीं कीं कोणीं अडविलें नाहीं. बिऱ्हाडें पाठीवर घेऊन तीं आलीं, आणि पटकीची सांथ आली तेव्हां तिच्या तोंडींहि तशींच सांपडलीं. याच कामाचा एक इंग्रज मक्तेदार, सॉलोमन ट्रेडवेल, १८५९ सालीं हिंदुस्थानांत आला आणि थोड्याच दिवसांत वारला. मागें राहिलेली त्याची पत्नी ॲलिस स्वदेशीं परत गेली असती तर तिला कोणीं नांव ठेविलें नसतें. परंतु तिनें मक्ता सोडला नाहीं. जाणते इंजिनियर नेमून तिनें तो तडीस नेला. आज पुण्याकडे जाणारा उतारू ज्या घाटांतून वर चढतो, त्या घाटाच्या कामांत या विधवेचा वांटा आहे.

या इतिहासावरून दोन गोष्टी ध्यानांत येतात. पहिली ही कीं, कुटुंब एकत्र असणें आणि कुटुंबाचें हित होणें या दोन गोष्टी एकच नव्हेत. आजहि कर्जत-खालापूरच्या वाड्यांतील कित्येक कातकरी कुटुंबें पावसाळा सरला कीं उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. जातांना तीं मुलांना बरोबर नेतात; मागें ठेवावयाचें तर ठेवणार कोणापाशीं? तेथें आई, बाप व मुलें एका झोपडींत राहतात, एकाच भाकरीचे वांटेकरी होतात, आणि मुलांची शाळा मात्र पुढल्या पावसाळ्यापर्यंत सुटते. यांच्या वाटेंत कोणताहि व्हिसा आडवा येत नाहीं. तरी यांचें एकत्र राहणें पाहून कोणा विचारी माणसाला समाधान वाटणार नाहीं. दुसरी गोष्ट ही कीं, मागाहून आलेलें किंवा बरोबर आलेलें माणूस म्हणजे केवळ पोसावयाचें ओझें, ही कल्पना मुळांतच खोटी आहे. ॲलिस ट्रेडवेल नवऱ्याच्या मक्त्यावर आली होती. मक्ता पुरा झाला तो तिच्या जिद्दीवर.

एकत्र न राहण्याचीहि आपली एक दीर्घ परंपरा आहे. कोंकणांतून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या पुरुषांच्या पिढ्यान् पिढ्या ‘घर गांवीं आणि पोट मुंबईस’ अशा रीतीनें जगल्या. एका खोलींत दहाबारा असाम्या, जेवण खाणावळवाल्या बाईकडे, आणि शिमग्याला वा गणपतीला गांवीं फेरी. त्या काळच्या मुंबईंत पुरुषांच्या मानानें स्त्रियांची संख्या निम्म्याच्या आसपास असे. या माणसांना बायकामुलें आणावयास कायद्याची आडकाठी नव्हती. आडकाठी होती ती पगाराची आणि जागेची. गांवाकडची शेती, म्हातारीं माणसें आणि कर्जाचे हप्ते ज्या स्त्रीनें संभाळले, तिच्या त्या श्रमावरच गिरणीमालकाला स्वस्त मजूर मिळाला, असें म्हटलें तर त्यांत अतिशयोक्ति नाहीं. नवऱ्याचा पगार एका माणसाच्या पोटापुरता ठेवतां आला, कारण उरलेलें पोट ती गांवीं भरीत होती.

समुद्रापलीकडच्या वसाहतींत हाच हिशेब सरकारनें उघडउघड मांडला. करारबद्ध मजुरांच्या पद्धतींत ठरावीक पुरुषांमागें ठरावीक स्त्रिया पाठविण्याचा नियम झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तें प्रमाण बहुतेक ठिकाणीं शंभर पुरुषांस चाळीस स्त्रिया असें होतें. मॉरिशसमध्यें आज जो मराठी समाज नांदतो आहे, त्याचे पूर्वज याच पद्धतीनें मुंबई बंदरांतून गेले. शंभरास चाळीस हा आंकडा नीट पाहावा. त्यांत कोणाची पत्नी कोण, कोणाचें मूल कोण, याचा विचार नाहीं. धान्याबरोबर मीठ किती लागेल असें ठरवावें, तसें पुरुषांबरोबर स्त्रिया किती लागतील हें ठरविलें गेलें.

या वृत्तीला पहिला मोठा विरोध दक्षिण आफ्रिकेंत झाला. १९१३ च्या मार्च महिन्यांत तेथील केप प्रांताच्या न्यायालयांत न्या. सर्ल यांनीं एका भारतीय मुसलमान गृहस्थाच्या पत्नीला प्रवेश नाकारणारा निर्णय दिला. त्याचा आशय असा होता, कीं बहुपत्नीत्वास मुभा देणाऱ्या धर्मांच्या विधीनें लागलेला विवाह कायद्याच्या दृष्टीनें विवाहच नव्हे. एका निकालानें हजारों गृहिणी आपल्याच घरांत बेकायदेशीर ठरल्या. त्या वर्षींच्या सत्याग्रहांत कस्तुरबा व इतर स्त्रिया तुरुंगांत गेल्या, त्यामागें हें एक मोठें कारण होतें. आदल्याच वर्षीं, १९१२ सालीं, आपले नामदार गोखले तो देश पाहून आले होते. अखेर १९१४ च्या कायद्यानें एक पत्नी व तिचीं अज्ञान मुलें यांना प्रवेशाचा हक्क मिळाला. कॅनडानें भारतीयांच्या बायकामुलांवरील बंदी १९१९ सालीं सैल केली. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यांत कुटुंब हा समाजाचा स्वाभाविक व मूलभूत घटक असून समाजानें व राज्यानें त्याचें रक्षण केलें पाहिजे, हें तत्त्व सोळाव्या कलमांत आलें. म्हणजे आज ज्याला आपण अर्जाचा नमुना समजतों, त्याच्या मागें तुरुंगवास सोसलेल्या स्त्रिया उभ्या आहेत.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो टाकाऊ नाहीं. आपल्या सीमेंत कोणाला येऊं द्यावें हें ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राज्याला आहे. मग येणाराला पोसण्याची ऐपत आहे कीं नाहीं, हें विचारण्यांत गैर तें काय? अधिकार मान्य आहे. परंतु येथें दारांत उभा असलेला माणूस सर्वस्वीं परका नव्हे. त्याचा नवरा, तिची बायको, त्यांचा बाप त्या घरांत आधींच घेतलेला आहे. त्याच्या श्रमाचें फळ तें राज्य रोज घेत आहे. ज्याचे हात हवे त्याचें हृदय सीमेबाहेर ठेवून यावें, असें म्हणणें हा साधा शहाणपणा नव्हे. इंग्लंडमध्यें परदेशी पति वा पत्नीला बोलावण्यासाठीं वर्षाला १८,६०० पौंड उत्पन्नाची अट २०१२ सालीं घातली गेली, आणि ती २०२४ च्या एप्रिलमध्यें २९,००० पौंडांवर नेण्यांत आली. त्याच वर्षीं मार्चपासून, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या व आजाऱ्यांच्या सेवेसाठीं परदेशांतून नव्यानें येणाऱ्या परिचारकांना आपलीं बायकामुलें बरोबर आणण्यास मनाई झाली. दुसऱ्याच्या आईची शुश्रूषा करावयास या, पण स्वतःचें मूल घरीं ठेवून या! संयुक्त अरब अमिरातींत हल्लींच्या नियमाप्रमाणें महिना चार हजार दिरहम, किंवा तीन हजार व राहण्याची जागा, एवढी मिळकत असल्याखेरीज कुटुंब आणतां येत नाहीं. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरचे जे लोक तेथें हलक्या पगारावर राबतात, त्यांच्यासाठीं गिरणगांवची ती खोली पुन्हा उभी राहिली आहे. फरक एवढाच, कीं तिला आतां विमानानें जावें लागतें. श्रीमंताचें कुटुंब पवित्र आणि गरिबाचें कुटुंब खर्चिक, असा अर्थ या आंकड्यांतून निघतो, तो कोणत्याहि नीतिशास्त्रांत बसणार नाहीं.

राज्याचा दोष सांगितला म्हणजे आपलें काम संपलें असें मात्र नव्हे. राज्य आपल्याला ऐकणार नाहीं. आपण मात्र आपलें ऐकूं शकतों. म्हणून आतां बोलावणाराकडे वळूं.

माझा एक जुना विद्यार्थी आखातांतील एका शहरांत बऱ्या पगारावर आहे. त्याची पत्नी इकडे जिल्हा परिषदेच्या शाळेंत शिक्षिका. नोकरी कायमची, मुलगी पांच वर्षांची, घरीं सासू. तीन वर्षें असें चालल्यावर त्याला उत्पन्नाची अट पुरी करतां आली, आणि त्यानें मोठ्या आनंदानें कागद पाठविले. दोघेंहि सल्ल्यासाठीं मजकडे आलीं, तेव्हां तो खर्चाचें, शाळेचें, जागेचें सांगत होता. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “सर, हे म्हणतात तें सगळें खरें आहे. पण तिकडे मी कोण असेन?” तो हंसून म्हणाला, “कोण म्हणजे? माझी बायको.” त्यावर ती म्हणाली, “ती तर मी इथेंहि आहेच.”

या उत्तरांत जो अर्थ आहे तो मला पुष्कळ ग्रंथांत सांपडला नाहीं. येथें ती पत्नी होती, शिवाय शिक्षिका होती, सून होती, पगारपत्रकावर सही करणारी एक स्वतंत्र व्यक्ति होती. वाडींतलीं चाळीस मुलें तिला ‘बाई’ म्हणून हांक मारीत होतीं. तेथें तिच्या निवासपत्राचा आधार एकच, नवऱ्याचें निवासपत्र. तें रद्द झालें कीं तिचेंहि गेलें. संस्कृतांत ‘भर्ता’ म्हणजे भरणपोषण करणारा आणि ‘भार्या’ म्हणजे जिचें भरणपोषण करावयाचें ती. दोन्ही शब्द एकाच धातूचे. गेल्या दीडशें वर्षांत आपल्याकडच्या सुधारकांनीं, शिक्षणानें आणि कायद्यानें त्या शब्दांतला जाच बराचसा काढून टाकला. विसाव्या-एकविसाव्या शतकांतल्या परराष्ट्रीय कचेऱ्यांनीं तोच अर्थ ‘स्पॉन्सर’ आणि ‘डिपेंडंट’ या नांवांनीं पुन्हा जिवंत केला, हा काळाचा विनोद म्हणावयाचा. आणि त्याच संस्कृतांत ‘सहधर्मचारिणी’ असाहि एक शब्द आहे, त्याला या अर्जांत रकाना नाहीं.

दोष एकट्या नवऱ्याचा आहे असें माझें म्हणणें नाहीं. आणि आज बोलावणारी पत्नी व बोलावलेला पति अशीं जोडपींहि थोडीं नाहींत. परिस्थिति ज्याच्या हातीं किल्ली देते, त्याची परीक्षाहि तीच घेते. एरवीं सज्जन असलेला माणूस परक्या देशांत आपल्या माणसाचा एकुलता आधार झाला, म्हणजे त्याच्या न कळत त्याच्या बोलण्यांत ‘मीं तुला आणलें’ हें वाक्य येऊं लागतें. भांडणांत तें उघड येतें, गोडींत झांकलेलें येतें. ज्या सत्तेचा आपण उपयोग करीत नाहीं तीहि सत्ताच असते. समोरच्याला ती ठाऊक असते, आणि तो जपून बोलूं लागतो. कांट या जर्मन तत्त्ववेत्त्यानें सांगितलें, कीं माणसाला केवळ साधन म्हणून कधींहि वागवूं नये. तो स्वतःच साध्य आहे. माझें एकटेपण जावें, मला घरचें जेवण मिळावें, माझा संसार पुरा दिसावा, एवढ्याचसाठीं मीं कोणाला बोलावलें असेल, तर माझ्या प्रेमांत साधनाचा अंश किती आणि साध्याचा किती, हें मीं स्वतःशीं तपासलें पाहिजे.

अमेरिकेच्या कायद्यांत या बाबतींत एक लक्षांत ठेवण्यासारखी तरतूद आहे. तेथें कायमच्या वास्तव्यासाठीं पत्नीला वा पतीला बोलावणारा जें हमीपत्र लिहून देतो, त्याची जबाबदारी घटस्फोटानेंहि संपत नाहीं. बोलावलेलें माणूस नागरिक होईपर्यंत, किंवा कायद्यानें ठरविलेल्या मुदतीइतकें काम करीपर्यंत, किंवा देश सोडीपर्यंत, अगर दोघांपैकीं एकाच्या मृत्यूपर्यंत ती राहते. विवाह तुटतो, हमी तुटत नाहीं. कायद्यानें हें स्वतःच्या तिजोरीच्या रक्षणासाठीं केलें, हें उघड आहे. तरीहि त्याच्या हातून एक नैतिक सत्य बोललें गेलें: दुसऱ्याला त्याच्या मुळांपासून उपटून आणणें ही अशी कृति आहे, कीं तिची जबाबदारी प्रेम आटलें म्हणून आटत नाहीं. मात्र कायद्याला जें कळलें तें पैशापुरतें. पोटाला घालणें हा ऋणाचा पहिला हप्ता होय. सबंध ऋण नव्हे.

मग तें ऋण फेडावें कसें? मला तीन गोष्टी सुचतात. पहिली, बोलावण्यापूर्वीं खरें सांगणें. पगार किती हें सांगणारे पुष्कळ असतात. खोली किती अंधारी, शेजार किती मुका, हिंवाळा किती लांब, आणि आपण स्वतः दिवसाचे किती तास घरीं असतों, हें सांगणारे थोडे. पाठविलेल्या छायाचित्रांत बाग दिसते; बागेंत बोलावयास कोणी नाहीं हें दिसत नाहीं. दुसरी गोष्ट, बोलावलेल्या माणसाचे पाय लवकरांत लवकर त्याच्याच जमिनीवर टेकूं देणें: त्याचा पासपोर्ट त्याच्या हातीं, त्याच्या नांवाचें खातें, त्या देशाची भाषा शिकण्यास वेळ आणि पैसा, आणि कायदा मुभा देईल तेथें स्वतःचें काम. अमेरिकेंत नोकरीच्या व्हिसावर गेलेल्यांच्या पत्नींना कित्येक वर्षें काम करण्याचीच परवानगी नव्हती. २०१५ पासून त्यांतील कांहींजणींना ती मिळूं लागली. मधल्या काळांत डॉक्टर, वकील, इंजिनियर झालेल्या किती मुली स्वयंपाकघराच्या खिडकींतून बाहेर पाहत बसल्या असतील, याची नोंद कोणत्याहि कचेरींत नाहीं. तिसरी आणि सर्वांत अवघड गोष्ट, परतीची वाट मोकळी ठेवणें. परत जावेंसें वाटलें तर जाण्याइतके पैसे आणि जाण्याइतकी प्रतिष्ठा बोलावलेल्या माणसापाशीं असली पाहिजे. जें माणूस जाऊं शकतें तेंच आपण होऊन राहतें. बाकीचें अडकलेलें असतें.

माझ्या त्या विद्यार्थ्याच्या पत्नीनें राजीनामा दिला नाहीं. तिनें बिनपगारी रजेचा अर्ज केला, मुलीला घेऊन ती गेली, आणि जातांना नवऱ्याला सांगून गेली, “वर्षानें पुन्हा बोलूं.” गांवांत कांहींनीं नांवें ठेविलीं, आतां नवऱ्यापाशीं राहण्यास मुदत कसली, असें त्यांचें म्हणणें. मला वाटतें, त्या मुदतीनें त्या संसाराचा पाया अधिक पक्का केला. वर्षभर त्या गृहस्थाला हें विसरतां आलें नाहीं, कीं ती आपल्या हमीवर नव्हे, आपल्या इच्छेनें येथें आहे.

आपल्या इतिहासांत याचें एक मोठें उदाहरण आहे. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी एकट्या अमेरिकेस निघाल्या. त्यांना बोलावणारा नवरा नव्हता. न्यूजर्सींतील रोझेल गांवच्या कार्पेंटर नांवाच्या एका परक्या बाईनें केवळ पत्रव्यवहारावरून आपलें घर त्यांना मोकळें केलें. नवऱ्यानें, गोपाळरावांनीं, त्यांना पुढें ढकललें हें खरें, आणि त्यांचा हट्ट किती कठोर होता हेंहि सर्वश्रुत आहे. परंतु निघण्यापूर्वीं श्रीरामपूरच्या कॉलेजांत भर सभेंत उभें राहून, मी कां जातें, एकटी कां जातें, याचीं उत्तरें आनंदीबाईंनीं स्वतःच्या तोंडानें दिलीं. पुढें गोपाळराव मागाहून तेथें गेले. म्हणजे आल्या-गेल्याचा क्रमच उलटा झाला. १८८६ च्या मार्चमध्यें आनंदीबाई एम. डी. झाल्या, आणि १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास, बाविसावें वर्ष पुरें होण्याआधींच, वारल्या. त्या सभेंतील भाषणाचें महत्त्व मला पदवीपेक्षां कमी वाटत नाहीं. जाणाऱ्या माणसापाशीं स्वतःचीं कारणें असलीं पाहिजेत. दुसऱ्याच्या कारणांवर गेलेलें माणूस कितीहि दूर गेलें तरी दुसऱ्याच्याच घरांत राहतें.

आणि जो बोलावीत नाहीं, त्याचें काय? धर्मानंद कोसंबी गोव्यांतील सांखवाळचे. बुद्धधर्माच्या ज्ञानासाठीं ते १८९९ च्या अखेरीस तरुण पत्नी आणि तान्ही मुलगी मागें ठेवून घराबाहेर पडले. पुढें १९१० मध्यें ते हार्वर्ड विद्यापीठाच्या कामासाठीं अमेरिकेस गेले. १९१८ सालीं पुन्हा गेले तेव्हां थोरली मुलगी माणिक आणि मुलगा दामोदर यांना त्यांनीं बरोबर नेलें. पत्नी बाळाबाई व धाकट्या मुली इकडेच राहिल्या. तोच दामोदर पुढें गणितज्ञ व इतिहाससंशोधक म्हणून जगाला माहीत झाला. मुलांचें त्यांत कल्याण झालें याबद्दल वाद नाहीं. परंतु एका कुटुंबाचे असे दोन तुकडे झाले, कीं त्यांतल्या एकाचें नांव ग्रंथांत येतें आणि दुसऱ्याचें केवळ वंशावळींत. बाळाबाईंच्या त्या वर्षांचा हिशेब कोणीं ठेविला? न बोलावण्याचेंहि ऋण असतें, आणि तें बहुधा फेडलें जात नाहीं, कारण मागें राहिलेलें माणूस तें मागत नाहीं.

मुलांची गोष्ट याहूनहि वेगळी. पत्नीला निदान विचारतां येतें. पांच वर्षांच्या मुलीला काय विचारणार? तिला नेलें तर आजी सुटते, भाषा सुटते. ठेवलें तर बाप सुटतो. दोहोंतून एक नुकसान पत्करावेंच लागतें, आणि तें तिच्या वतीनें आपण पत्करतों. अमेरिकेंत आईबापांच्या व्हिसावर वाढलेल्या मुलांपुढें आणखी एक विलक्षण प्रसंग येतो. कायमच्या वास्तव्याच्या परवान्यांत एका वर्षीं कोणत्याहि एका देशाच्या वांट्याला सात टक्क्यांहून अधिक जाऊं नयेत, असा तेथील नियम असल्यामुळें भारतीयांची रांग फार लांब होते. रांग पुढें सरकण्याआधीं मूल एकवीस वर्षांचें झालें, तर तें कायद्यानें ‘मूल’ राहत नाहीं, आणि आईबापांच्या आधारानें राहण्याचा त्याचा हक्क संपतो. ज्या देशांत तें बोलावयास शिकलें तेथेंच त्याला पाहुण्यासारखें उभें राहावें लागतें. बोलावणारानें ही रांग आधीं मोजलेली असावी. मुलाला ती मोजतां येत नाहीं.

शेवटीं शब्दाची एक गोष्ट. मराठींत जुन्या पिढीचा गृहस्थ ‘आमचें कुटुंब’ म्हणे, तेव्हां त्याचा अर्थ ‘माझी पत्नी’ एवढाच असे. आणि तरीहि त्या घरांत आई, वडील, विधवा आत्या, शिकावयास ठेवलेला भाचा अशीं दहा माणसें जेवत. परदेशचा कायदा याच्या बरोबर उलट करतो: शब्द मोठा वापरतो, आणि त्यांत पति वा पत्नी व अज्ञान मुलें यांखेरीज सहसा कोणाला बसूं देत नाहीं. हळूहळू आपणहि कुटुंब म्हणजे अर्जांत मावतील तेवढीं माणसें, असें समजूं लागलों आहों. शिळफाट्यावर, खोपोलींत, कर्जतला कितीतरी घरें आज अशीं आहेत, जेथें दोन म्हातारीं माणसें मोठ्या जागेंत राहतात आणि रात्रीं ठरल्या वेळीं दूरध्वनीच्या पडद्यापुढें बसतात. त्यांना बोलावतां येत नाहीं हा मुलाचा अपराध नव्हे. पण तीं अर्जांत नाहींत म्हणून हिशेबांतहि नाहींत, असें होऊं लागलें तर तो अपराध ठरेल. पत्नीला बोलावतांना, ती येथें जें काम विनावेतन करीत होती तें आतां कोण करणार, हा प्रश्नहि बोलावणाऱ्याच्याच खात्यांत पडतो.

कोणी म्हणेल, एवढा विचार करीत बसलें तर कोणी कोणाला बोलावणारच नाहीं. तसें मला वाटत नाहीं. नवराबायकोनें एकत्र राहावें, मुलांनीं आईबापांपाशीं वाढावें, याहून स्वाभाविक इच्छा नाहीं. ती पुरी करण्यासाठीं माणसें समुद्र ओलांडतात आणि वर्षानुवर्षें रांगेंत उभीं राहतात, हें त्यांच्या मोठेपणाचेंच लक्षण होय. माझें म्हणणें एवढेंच, कीं हमीपत्रावर सही करितांना त्या माणसानें मनांत दुसरेंहि एक पत्र लिहावें. पहिलें पत्र राज्याला: ही माझ्या आधारावर राहील. दुसरें पत्र तिला: तूं माझ्या आधारावांचून राहूं शकशील, अशी तजवीज मी करीन. पहिल्या पत्राची तपासणी परदेशचा अंमलदार करतो. दुसऱ्याची कोणी करीत नाहीं. म्हणूनच तें लिहिण्याची जबाबदारी सर्वस्वीं लिहिणाराची आहे.